हळू चालवली की येणारा आवाज

२ सप्टेंबर, सोमवार

फिटर म्हणाला, "मास्तर, आवाज कधी येतो, कधी जातो, सगळं लिहून ठेव. तोंडी सांगायला लागलास की तुझं भाषण होतं." म्हणून ही वही. टिल्लीने मागे कधीतरी भेट दिली होती, कोरीच पडून होती. रोज लिहिणार नाही. लिहिण्यासारखं असेल तेव्हाच लिहीन.

गाडी माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची, एकुलती एक, पांढरी, डिझेलवरची. टपावर पाटी आणि खाली दोन्हीकडे पेडल. शिकणाऱ्याला सगळी, आणि बाजूच्या सीटवर मला क्लच आणि ब्रेक. माझा क्लच शिकणाऱ्याच्या क्लचला खालून एका दांड्याने जोडलेला आहे. मी दाबला की तिकडचा आपोआप खाली जातो. या दोन पेडलांच्या जिवावर इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवतोय आणि आजवर कोणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही. लोक पाठीमागे मला ब्रेकमास्तर म्हणतात. तोंडावर मास्तर.

आता आवाज. गाडी अगदी सावकाश चाललेली असते, पहिला किंवा दुसरा गिअर, इंजिन जेमतेम फिरतंय, की खालून कुठूनतरी खर्र... खर्र... सुरू होतं. डब्यात चार खिळे टाकून कोणीतरी हलवत बसावं तसं. जोर दिला की इंजिनाच्या दणक्यात ते बुडून जातं. डिझेलचं इंजिन मुळातच तोंडाळ, पण माझ्या गाडीची बडबड मला पाठ आहे. हे तिचं बोलणं नव्हे.

३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी बँकेतले कॅशियर शिकायला होते. आवाज आला. त्यांना विचारलं, "ऐकू येतंय का?" ते म्हणाले, "मास्तर, मला माझ्या छातीतलं सोडून काही ऐकू येत नाही." गाडी चालवताना ते स्टिअरिंग असं धरतात, जसं काही ते कोणी चोरून नेणार आहे.

संध्याकाळी टिल्लीला घेऊन गेलो. टिल्ली म्हणजे माझी मुलगी. लहानपणी एवढीशी होती म्हणून टिल्ली. आता माझ्या डोक्यावरून पलीकडचं बघते, पण नाव राहिलं ते राहिलं. आमचा नेहमीचा चौकोन मारला: पाण्याची टाकी, शाळेची लांबलचक भिंत, पोस्ट, मग पुलाचा चढ, उतरलं की पुन्हा टाकी. तिच्याबरोबर आवाज सगळ्यात जास्त येतो, हे खास लिहून ठेवतो. चढावर तर सारखा.

पण चालवते काय सुरेख! चढावर थांबवून पुन्हा उचलते तेव्हा गाडी बोटभरही मागे सरकत नाही. आणि हीच मुलगी परीक्षेत दोनदा नापास झाली आहे. दोन्ही वेळा चढावर, दोन्ही वेळा गाडी बंद. परीक्षा सरकारी कचेरीच्या गाडीवर असते, शेजारी परीक्षक. मी तिला सांगितलं, तुला गाडी येते, परीक्षा येत नाही. घाबरतेस. माझ्याबरोबर कधी एकदा तरी बंद पडली आहे का?

तिला पाणी तपासणी खात्यात नोकरी लागली आहे. ठिकठिकाणी गाडीने फिरून पाण्याचे नमुने गोळा करायचे, म्हणून लायसन्स सक्तीचं. एक ऑक्टोबरला रुजू व्हायचं, तेही इथून दिवसभराच्या प्रवासावर. परीक्षा सव्वीसला. तिला धीर यावा म्हणून म्हटलं, "नाहीच झालं तर जानेवारीत पुन्हा परीक्षा असते. जानेवारी काही वाईट महिना नाही."

ती म्हणाली, "बाबा, ती जागा जानेवारीपर्यंत माझी वाट बघत बसणार नाही."

५ सप्टेंबर, गुरुवार

गाडी फिटरकडे नेली. फिटर माझा जुना दोस्त. त्याचा एक कान कामातून गेलेला आहे, पण उरलेला दोन्हींचं काम करतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून घ्यायचे. अर्धा तास तो गाडीभोवती असा फिरला. मग म्हणाला, इंजेक्टर ठीक, पट्टा ठीक, पंप ठीक. एकटा चक्कर मारून आला. "मास्तर, गाडी तर काहीच बोलत नाही."

मी बाजूला बसलो, तेव्हा लगेच बोलली. तोपर्यंत त्याच्या दारात दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. "सोमवारी ये," म्हणाला. डॉक्टरच्या दारात पोचलं की दाढ दुखायची थांबते, तसली गत.

चिडून घरी आलो तर घरातही गुंऽऽ असा आवाज. आमची ही पडदे, उशांचे अभ्रे शिवते. विजेवरचं मशीन आहे. सुईत दोरा ओवत बसली होती आणि पाय पेडलवर तसाच. मशीन हलत नाही, नुसतं गुरगुरतंय. मी म्हटलं, "अगं, पाय काढून ठेवत जा ना. हलक्या पायानेच मोटर जळते. दाबायचं तर दाब, नाहीतर सोड. हे अधलंमधलं काय?"

"लक्षात राहत नाही हो," ती म्हणाली. "पाय आपला आपण जातो."

लोकांना आपला पाय कुठे आहे याचा पत्ता नसतो. मी वर्गात पहिल्या दिवशी हेच सांगतो.

९ सप्टेंबर, सोमवार

फिटरने इंजिनाखालचं रबर बदललं. जुनं रबर हातात धरून मला दाखवलं, बघ कसं चिरलंय. समाधान वाटलं. घरी येताना गाडी एकदम गप्प होती. मी स्वतः चालवत होतो.

संध्याकाळी टिल्लीला घेऊन टाकीपाशी वळलो आणि खर्र.

मी इतका वैतागलो की तिला गाडी कडेला घ्यायला सांगितली आणि नुसताच बसून राहिलो. काचा बंद होत्या. समोर तीच टाकी, मागे तीच भिंत. माझा सगळा जन्म या चौकोनात गोल फिरण्यात गेला आणि स्टिअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात, असं काहीतरी मनात आलं. लिहिताना मूर्खपणाचं वाटतंय, पण आलं खरं.

टिल्ली म्हणाली, "बाबा, एक सांगू? कधी कधी क्लच माझ्या पायाखालून आपोआप खाली जातो."

मी म्हटलं, "भास आहे. नाहीतर केबल सैल झाली असेल. तू रस्त्याकडे बघ."

१२ सप्टेंबर, गुरुवार

फिटरने शेवटी बोट ठेवलं. क्लचचं बेअरिंग. क्लच दाबला की हे बेअरिंग पुढे सरकतं आणि फिरायला लागतं. सोडला की मोकळं, निवांत. पण कोणी पेडलवर नुसता पाय टेकवून ठेवत असेल तर बिचारं सारखं घासत राहतं, झिजतं आणि खरखरतं. इंजिन जोरात असलं की ऐकू येत नाही, हळू असलं की येतं.

"तुझ्या गाडीत कोणीतरी क्लचवर पाय ठेवून बसतं," तो म्हणाला. "एक दिवस नाही. वर्षानुवर्षं."

वर्षानुवर्षं कोण बसणार? माझ्याकडे माणूस दोन महिने येतो आणि जातो. पण सवय म्हणावी तर सगळ्यांचीच असते. घरी येऊन पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "क्लचवरून पाय काढा", आणि स्टिअरिंगच्या वर काचेला चिकटवलं. कॅशियरना झाडलं. फुलांचं दुकान चालवणाऱ्या बाईंना झाडलं, त्या म्हणाल्या, "मास्तर, माझा पाय तर तिथे पोचतच नाही नीट."

टिल्लीलाही सांगितलं. जरा जास्तच बोललो. म्हटलं, गाडी म्हणजे आपलं पोट आहे, आणि तूच तिची वाट लावतेस. ती दोन्ही पाय बाजूला घेऊन दाखवत होती. "मी ठेवतच नाही, बाबा. शप्पथ." डोळ्यांत पाणी आलं होतं. मग पुढचा सगळा चौकोन एक शब्द बोलली नाही. आवाज मात्र येतच होता.

१६ सप्टेंबर, सोमवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

फिटर म्हणाला, मला आत बसून ऐकू दे. टिल्ली चालवायला, मी माझ्या जागेवर, तो मागे, चांगला कान आमच्या दोघांच्या मध्ये घालून. टाकी झाली, भिंत झाली. आवाज सुरू. मी म्हटलं, "ऐक! ऐक!" तो हळूहळू खाली वाकला. पोस्टापाशी मान खाली घालून सीटच्या फटीतून बघत होता. पुलाच्या चढाखाली त्याने गाडी थांबवायला सांगितली.

"मास्तर, मांडी घाल."

"काय?"

"सीटवर मांडी घालून बस. घरी बसतोस तशी."

"गाडीत कोणी मांडी घालतं का?"

"चपला काढ आणि बस."

मी बसलो. गुडघा दाराला लागत होता. फिटर म्हणाला, "टिल्ले, आता घे चढावर. मध्यावर थांब आणि पुन्हा उचल."

आवाज गेला. पूर्ण गेला. फक्त इंजिन. मी बोट वर करून फिटरला म्हणालो, "गेला की रे!" आणि तेवढ्यात ती चढावर उचलायला गेली, गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. तिने पुन्हा सुरू केली. पुन्हा गचका, पुन्हा बंद. मागचा टेम्पो ओरडायला लागला.

"आता पाय खाली सोड," फिटर म्हणाला.

मी सोडले. खर्र. आणि गाडी लोण्यासारखी चढ चढून गेली.

वर पोचल्यावर टिल्लीने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. फिटर खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"म्हणजे बाबा," ती म्हणाली, "आजवर मी चालवतच नव्हते?"

"चालवत होतीस. मी फक्त..."

"फक्त काय?"

"फक्त पाय ठेवला होता."

ती उतरली आणि पुलावरून चालत घरी गेली. मी गाडी चालवत तिच्या मागोमाग गेलो, अगदी हळू. सारा वेळ ती खरखर येत नव्हती. काचेवर माझाच पुठ्ठा लावलेला होता. तो मी फाडला.

देवाशपथ सांगतो, मला माहीत नव्हतं. मी समोरचा रस्ता बघत असतो, पायाकडे नाही. गाडी बंद पडणार असं वाटलं की तो जातो. पोरगी मागे घसरू नये म्हणून जातो. यात माझं काय चुकलं ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण जेवण गेलं नाही एवढं खरं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

टिल्ली बोलत नाही. घरातल्या घरात माझ्या बाजूने अशी जाते, जसा मी कपाट आहे.

मला वाटलं ही तरी माझी बाजू घेईल. सगळं सांगितलं. मांडी घालायला लावली ते सांगताना ती हसली. मग तिचं शिवणं थांबलं.

"अहो, माझ्या वेळी पण असंच होतं का?"

लग्नानंतर वर्षभरात मी तिला शिकवायला घेतलं होतं. तेव्हाची गाडी निराळी, पण पेडल अशीच. महिनाभर छान चालवली आणि मग एक दिवस म्हणाली, नको, मला जमायचं नाही. मी म्हटलं होतं, नको तर नको.

"मला वाटायचं मला येतंय," ती म्हणाली. "मग एकदा तुम्ही चाकात हवा भरायला उतरलात, आणि मला म्हणालात, गाडी जरा पुढे घे. मी घेतली तर बंद. पुन्हा घेतली, पुन्हा बंद. तुम्ही तिकडून हसलात. मला वाटलं, आपलं डोकंच तेवढं नाही. तेव्हापासून बाजारात जायचं तरी मी तुमची वाट बघत दारात उभी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मला तरी कुठे माहीत होतं?"

मला फार वाईट वाटलं. माफी मागावी असंही वाटलं, पण कशाची मागायची ते शब्दांत धरता येईना. मी म्हटलं, "तुझं मशीन तरी नवीन आहे, पाय काढून ठेवत जा." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून बाहेर गेलो.

१८ सप्टेंबर, बुधवार

टिल्ली सकाळी समोर येऊन उभी राहिली. "आठ दिवस आहेत. तुमचा क्लच काढून टाका, नाहीतर मी दुसऱ्या स्कूलमध्ये जाते."

दुसरं स्कूल म्हणजे पोस्टासमोरचा तो चष्मेवाला. तो परमेश्वराला पण उलट्या गिअरमध्ये शिकवेल. गाडी फिटरकडे नेली.

फिटरने दांडा काढला नाही. दांडा आणि माझं पेडल यांना जोडणारी एक पिन आहे, करंगळीएवढी, ती ओढली. पेडल सैल पडलं. दाबलं की मऊ जातं आणि पलीकडे काहीच होत नाही. पिन त्याने माझ्या हातात ठेवली. "बेअरिंग नंतर बदलू. पाय पडला नाही तर ते काही बोलणार नाही. ब्रेकची पण पिन काढू?"

"ब्रेकला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "मला पण जीव आहे."

पिन शर्टाच्या खिशात ठेवली.

२० सप्टेंबर, शुक्रवार

पुलाचा चढ. संध्याकाळची गर्दी. मी मांडी घालून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. गाडी बंद. सुरू. गचका. बंद. मागे रांग लागली. कोणीतरी काचेवर टकटक करून म्हणालं, "शिकवता का नाचवता?" टिल्लीच्या मानेवरून घाम ओघळत होता. मला सुचवावंसं वाटत होतं, अर्धा सोड, अजून थोडा, धर तिथेच, पण तिने आधीच बजावलं होतं, "बोलायचं नाही. मोठ्याने श्वास पण घ्यायचा नाही."

मी आत कोंडल्यासारखा झालो. दार उघडून पळावं असं वाटलं, पण माझ्या बाजूला पुलाचा कठडा चिकटलेला. पंचवीस वर्षं या सीटवर बसलोय आणि आज पहिल्यांदा कळलं की इथे माणसाच्या हातात काहीच नसतं. कॅशियर म्हणतात ते छातीतलं, ते मला ऐकू आलं. कसेबसे वर पोचलो तेव्हा माझा डावा पाय बधिर झाला होता. उतरताना पडणार होतो, टिल्लीने धरलं. धरलं आणि लगेच सोडलं.

२२ सप्टेंबर, रविवार

एकदा नीट उचलली. एकदाच. मागे वीतभर घसरून मग. मी "शाब्बास" म्हणालो आणि पुढच्या खेपेला पुन्हा बंद पडली. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मांडी बघ, मांडी!"

त्यावर थोडीशी हसली. रविवारभरातलं तेवढंच.

२४ सप्टेंबर, मंगळवार

परवाही बंद, कालही बंद. दोन दिवस उरले. असा विचार केला की या दोन दिवसांत तिला जरा आत्मविश्वास यायला हवा. गाडी सारखी बंद पडत राहिली तर पोरगी खचून जाईल. नुसतं चढापुरतं, तेही तिला कळणार नाही इतपत.

सकाळी गाडी धुवायला खाली गेलो. बाजूचं दार उघडून गुडघ्यावर बसलो. दांड्याचं भोक आणि पेडलचं भोक समोरासमोर आणलं, नुसतं बघायला. पिन खिशातून काढली. ती जाते आत, सहज जाते.

"बाबा, काय शोधताय?"

टिल्ली वर गॅलरीत उभी होती, केस पुसत.

"चप्पल," मी म्हटलं.

"पायातच आहे."

खरंच पायात होती. पिन परत खिशात टाकली. मी ती बसवणार नव्हतोच, हे इथे लिहून ठेवतो.

तिने आतून जायचं बोचकं काढून ठेवलं आहे. कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्यात. परीक्षा व्हायच्या आधीच. मी हिला म्हटलं, एवढी घाई कशाला. ही म्हणाली, "तुम्ही पण घाला की घडी. शिकवते."

२६ सप्टेंबर, गुरुवार

परीक्षेचं मैदान. आम्हा आईबापांना दोरीच्या अलीकडे उभं केलं होतं. टिल्ली आधी वळणावरून नीट आली, पार्किंग नीट केलं, मग चढ. मध्यावर थांबली. मी तोंडातल्या तोंडात सगळं म्हणत होतो. गाडी मागे घसरली. वीतभर, मग दोन वीत. परीक्षकाचं डोकं तिच्याकडे वळलेलं दिसलं. इंजिनाचा आवाज चढला, गाडी थरथरली, थांबली आणि वर गेली.

"अहो," शेजारचे गृहस्थ म्हणाले, "माझ्या पायावरून पाय काढा."

बघतो तर माझा डावा पाय त्यांच्या बुटावर, सगळा जोर देऊन. किती वेळ होता कोण जाणे. मी माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या. माझा मुलगा यायचाय अजून, तेव्हा मी तुमच्यावर ठेवतो."

टिल्ली पास झाली. धावत आली आणि आधी आईच्या गळ्यात पडली. मग माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "घसरली होती जरा." मी म्हटलं, "दिसलं." रडू आलं. त्यात आनंद किती आणि दुसरं काय किती, ते मी तपासलं नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

हिने कपडे धुवायला घेतले आणि माझ्या खिशात पिन सापडली. "हे काय?"

"काही नाही. गाडीचं."

"लागतं का?"

मी पिनेकडे बघितलं. "नाही," म्हटलं. तिने ती बटणांच्या डब्यात टाकली.

३० सप्टेंबर, सोमवार

टिल्ली गेली. बस सकाळची होती. स्टँडपर्यंत तिनेच चालवत नेलं, मी शेजारी, ही मागे बोचक्यासकट. पुलाच्या चढावर सिग्नल लागला. मांडी घातलीच होती. उचलली तिने, कोणाला कळलंही नाही.

बसच्या पायरीवर ती म्हणाली, "घरातून पाय निघत नाही, बाबा." मी म्हटलं, "काढ. नाहीतर बेअरिंग जाईल." असं काही बोलायचं नव्हतं, तोंडातून गेलं. तीही हसली आणि तिचं नाक लाल झालं.

येताना मीच चालवली. गाडी गप्प होती. एवढी गप्प की मी रेडिओ लावला.

२० ऑक्टोबर, रविवार

टिल्ली दोन दिवसांच्या सुट्टीवर आली आहे. काळवंडली आहे, आणि जेवताना रस्त्यांबद्दलच बोलत होती. कुठल्या घाटात कुठल्या गिअरवर जावं लागतं ते मला समजावून सांगत होती. मी ऐकून घेतलं.

दुपारी म्हणाली, "आई, चल, गाडी शिकवते."

"मला? वेड लागलंय का?"

"लर्निंग लायसन्स काढून आणलंय ना तू गेल्या आठवड्यात? बाबांना सांगितलं नाहीस वाटतं."

मला कोणी काही सांगितलं नव्हतं. टाकीपाशी गेलो. ही स्टिअरिंगवर, पदर खोचून. टिल्ली बाजूच्या सीटवर, माझ्या सीटवर, आणि मला मागे बसवलेलं. बसल्या बसल्या टिल्लीने चपला काढल्या आणि मांडी घातली. ब्रेकवरही पाय नाही! मी म्हटलं, "अगं, निदान ब्रेक तरी..." तिने मागे न बघता हात वर केला.

हिने चावी फिरवली. पहिला गिअर. क्लच सोडला. गाडीने असा गचका खाल्ला की माझं डोकं पुढच्या सीटवर आपटलं, आणि बंद पडली.

ही सावकाश मागे वळली आणि माझ्याकडे बघितलं. "तुमचा पाय नव्हता ना कुठे?"

मी दोन्ही पाय उचलून तिला दाखवले.

"म्हणजे ही मीच बंद पाडली?" तिने टिल्लीला विचारलं.

"तूच, आई."

"मीच!" ती म्हणाली, आणि हसत हसत पुन्हा चावी फिरवली.